तुमची सुटायची वेळ किती? ओरिएंटिअरिंगला नव्याने येणाऱ्यांसाठी

शर्यतीच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर स्टार्ट लिस्ट येते. नवा माणूस त्यात आपलं नाव शोधतो, समोर ८:२४ दिसलं की म्हणतो, 'बरं झालं, उशिरा निघता येईल', आणि झोपतो. जुना खेळाडू तीच यादी घेऊन चहा होईपर्यंत बसतो. आपल्या आधी किती जण सुटणार, त्यातले आपल्या गटाचे किती, तेव्हा सूर्य कुठे असेल, गवतावर दव असेल का, गुरं बाहेर पडली असतील का, हे सगळं तो त्या एका वेळेवरून काढतो. माहितीपत्रक सोडलं तर नकाशा मिळायच्या आधी शर्यतीबद्दल हातात असलेली ही एकमेव माहिती असते. ती वाया घालवू नका.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. हातात बारकाईने काढलेला नकाशा आणि होकायंत्र. नकाशावर जांभळ्या गोलांनी दाखवलेली ठिकाणं, म्हणजे कंट्रोल, ठरलेल्या क्रमाने गाठायची. प्रत्येक ठिकाणी नारिंगी-पांढरा झेंडा टांगलेला असतो, तिथे पंच करायचं, म्हणजे आपण पोचल्याची नोंद करायची. वाट कुठली घ्यायची ते तुमचं तुम्ही ठरवायचं. एनसीसीत ज्यांनी नकाशा वाचन केलंय त्यांना निम्मं काम येतं. उरलेलं निम्मं म्हणजे तेच धावता धावता करणं.

आधी यादी वाचा

वैयक्तिक शर्यतीत सहसा सगळे एकदम सुटत नाहीत. एकेक जण ठराविक अंतराने सुटतो, कारण सगळे एकदम सोडले तर नकाशा पहिले दोघे-तिघे वाचतील आणि बाकीचे नुसते त्यांच्या पाठी पळतील. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत स्प्रिंटला १ मिनिट, मध्यम पल्ल्याला २ आणि लांब पल्ल्याला ३ मिनिटांचं अंतर ठेवतात. रिलेत मात्र सगळ्या संघांचे पहिले गडी एकदम सुटतात. तिथलं गणित वेगळं, ते या लेखात नको.

आता हिशेब करा. एका गटात ४० जण आहेत, अंतर २ मिनिटांचं, पहिला ७:३० ला सुटला. शेवटचा ८:४८ ला सुटणार. अंतर ३ मिनिटांचं असेल तर ९:२७ ला. म्हणजे एकाच शर्यतीतला पहिला आणि शेवटचा यांच्यात सव्वा ते दोन तासांचा फरक. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. पहिला माणूस दात वाजत असताना सुटतो, शेवटच्याच्या बनियनला सुटायच्या आधीच घाम असतो. नकाशा एक, कंट्रोल तेच, पण दोघांची शर्यत वेगळी.

मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत क्रमवारीतले वरचे खेळाडू बहुधा शेवटी सोडतात. त्यात बघणाऱ्यांची मजा आहे, कारण निकाल शेवटच्या क्षणापर्यंत लटकून राहतो. एकाच देशाचे दोघे पाठोपाठ सुटू नयेत याचीही काळजी घेतात, नाहीतर जोडी जमवून पळतील. आपल्याकडच्या शर्यतींत सहसा चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो, किंवा संगणक ठरवतो. तेव्हा 'मला मुद्दाम शेवटी टाकलं' अशी कुरकुर करण्यात अर्थ नाही. मी दोन वर्षं केली, फायदा शून्य.

यादीत एक खूण करून ठेवा: तुमच्या आधीचे दोघे आणि नंतरचे दोघे, तुमच्याच गटाचे. मैदानात ही चार माणसंच तुम्हाला खऱ्या अर्थाने भेटू शकतात. बाकी जे दिसतील त्यांचा कोर्स, म्हणजे गाठायचे कंट्रोल आणि त्यांचा क्रम, बहुधा वेगळा असेल.

वेळेप्रमाणे जमीन बदलते

नवख्याला वाटतं, टेकडी ती टेकडीच, सातला काय आणि दहाला काय. असं नाही.

हिवाळ्यात लवकर सुटलात तर माळावर दव असतं. बालाघाटच्या उतारांवर किंवा म्हैसमाळच्या बाजूला दिवाळीनंतरचं गुडघाभर गवत पहाटे पांढुरकं दिसतं. तुमच्या आधी कुणी गेलेलं नसेल तर ते अखंड असतं: कुठल्याही बाजूला वाट नाही, कुठलाही इशारा नाही. गवत तुम्हालाच तुडवावं लागतं, बूट पहिल्या दोनशे मीटरमध्ये भिजतात, पाय जड होतात. लवकर सुटण्याचा हा तोटा, आणि तो खरा आहे.

पण त्याच वेळेला एक फार मोठा फायदा फुकट मिळतो, ज्याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. तो म्हणजे तिरपं ऊन. आपल्या टेकड्या थराथराच्या काळ्या पाषाणाच्या, वर माती पातळ, झाडी विरळ. आठच्या आत ऊन आडवं पडतं तेव्हा प्रत्येक ओघळीत सावली भरते, प्रत्येक सोंड उजळून निघते. नकाशावरच्या तपकिरी समोच्च रेषा डोळ्यांसमोर जमिनीवर काढल्यासारख्या दिसतात. अकराला तीच टेकडी बघा: ऊन वरून आलेलं, सावल्या आखडलेल्या, सगळा उतार सपाट थापलेल्या भाकरीसारखा. उथळ ओघळ पन्नास मीटरवरूनही कळत नाही. म्हणून लवकर सुटलात तर उंचसखलपणावर भरवसा ठेवून पळा. उशिरा सुटलात तर खडकाचे कडे, बांध, पाझर तलावाची भिंत, विजेची तार अशा ठसठशीत खुणांवरून कंट्रोलपाशी जा आणि बारीक ओघळींच्या नादी लागू नका.

एक सावधगिरी. हिवाळ्यात सकाळचा सूर्य आग्नेयेला असतो. पहिला किंवा दुसरा टप्पा त्या दिशेला असेल तर ऊन थेट डोळ्यांत येतं आणि सावलीतला झेंडा हाताच्या अंतरावर येईपर्यंत दिसत नाही. टोपी घाला, आणि अशा टप्प्यावर डोळ्यांपेक्षा होकायंत्रावर जास्त विश्वास ठेवा.

मधल्या वेळेत सुटणाऱ्याला दव फुटलेलं दिसतं. चंदेरी गवतातून गडद पट्टे गेलेले असतात, अगदी पाटीवर ओल्या बोटाने रेघ ओढल्यासारखे. नऊ-साडेनऊला दव सुकलं की पट्टे जातात, पण तुडवलेलं गवत आडवं पडलेलंच राहतं. शेवटच्या फळीला तर चक्क पायवाट तयार मिळते. पाय हलके, वेग जास्त. उशिरा सुटण्याचा हा फायदा, आणि तोही खरा आहे.

आता माझी फजिती. माझी दुसरीच शर्यत, बीडच्या बाजूचा माळ, सुटायची वेळ ९:३६. स्टार्टपासून दीडशे मीटरवर गवतात इतकी सुंदर मळलेली वाट दिसली की मी नकाशा घडी करून कमरेला खोचला आणि सुसाट निघालो. झेंड्यापाशी पोचलो, पंच करायला वाकलो, तर त्यावर आकडा ४७. कंट्रोलच्या वर्णनाच्या माझ्या कागदावर ४१. ती वाट दुसऱ्या गटाची होती. परत कुठे आहे हे कळायलाच सात मिनिटं गेली. जरा पुढे भेटलेले एक म्हातारे गुराखी म्हणाले, "ती वाट व्हय? ती तर आमच्या म्हशींची हाय." म्हणजे माझ्या आधी पळालेलेही म्हशींच्याच मागून गेले होते.

तेव्हापासूनचा माझा नियम: मळलेली वाट वापरायची, पण ती माझ्या दिशेने जात असेल तेवढीच. आधी नकाशावर आपली वाट ठरवा, होकायंत्र लावा, मग खाली बघा. वाट जुळली तर बक्षीस समजा. नाही जुळली तर खुशाल म्हशींना द्या. आणि प्रत्येक झेंड्यावरचा आकडा आपल्या कागदाशी ताडून बघा. हे आकडे ३१ पासून पुढे असतात, म्हणजे कंट्रोलच्या क्रमाशी गल्लत होत नाही.

पावसाळ्यातली गोष्ट उलटी. काळ्या जमिनीवर पहिले दहा जण पळाले की अकराव्याच्या वाट्याला चिखल येतो. काळी माती बुटाला धरते आणि सोडत नाही. शंभर पावलांत प्रत्येक पाय अर्धा किलोने जड. तिथे लवकर सुटणारा सुखी. मुरमाड माळावर मात्र पाणी लगेच मुरतं, काही फरक पडत नाही. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उशिराची वेळ मिळाली तर नकाशावर शेत आणि माळ यांच्या सीमेवर लक्ष ठेवा आणि थोडा वळसा पडला तरी माळ धरा. उभ्या पिकात तर कधीच पाय टाकायचा नाही. ज्वारी असो की तूर, ती हद्द बंद समजायची, मग तिथून कितीही पायांचे ठसे गेलेले दिसोत.

दिवाळीनंतर कुसळी गवत वाळलं की आणखी एक त्रास. दव असेपर्यंत कुसळं मऊ असतात. ऊन चढलं की मोज्यातून आत शिरून टोचतात. उशिरा सुटणाऱ्यांनी पिंढरीला पट्ट्या बांधाव्यात किंवा क्रिकेटचे लांब मोजे वर ओढून घालावेत. दिसायला विनोदी, पण शर्यतीच्या मध्यात खाली बसून कुसळं काढण्यापेक्षा बरं.

घड्याळ उलटं मोजा

सुटायची वेळ ८:२४ धरू. तिथून मागे यायचं.

८:२१ ला तुमचं नाव पुकारतात, म्हणजे ८:१५ ला स्टार्टवर हजर. गाडी लावतात ते मैदान आणि स्टार्ट यांत बऱ्याचदा किलोमीटरभर अंतर असतं, कधी चढाचं. ते माहितीपत्रकात दिलेलं असतं आणि नवे लोक नेमकं तेच वाचत नाहीत. त्याला पंधरा-वीस मिनिटं धरा. त्याआधी अंग गरम करायला वीस मिनिटं: हलकं पळणं, दोन-चार झटके, घोट्यांची हालचाल. त्याआधी नाव नोंदवणं, चिप (पंचची नोंद ठेवते ती) घेणं, आणि रांग लावून शौचाला जाणं, ज्याला धरलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ लागतो. म्हणजे ७ वाजता मैदानावर. संभाजीनगरहून खुलताबादच्या वर जायचं असेल तर घरातून सहाला निघालेलं बरं, घाटात ट्रक मागे लागला तरी चालतं.

खाणं. भरपेट खायचं ते सुटायच्या तीन तास आधी, आणि ८:२४ साठी पहाटे सव्वापाचला भरपेट कोण खाणार? म्हणून रात्रीचं जेवण नीट करा आणि सकाळी साडेसहाला एखादं केळं, शेंगदाण्याची चिक्की, वाटीभर सुशीला, एवढंच. १०:३० ला सुटायचं असेल तर मामला वेगळा: तेव्हा साडेसातला भाकरी खाऊन यायला हरकत नाही, पण मग मैदानावर दोन तास बसून राहायचं संकट येतं. उशिराच्या वेळेची खरी अडचण हीच आहे. माणूस उन्हात उभा राहतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गप्पा मारतो, दोन चहा पितो, पाणी विसरतो आणि सुटतो तेव्हा निम्मा थकलेला असतो. सावली धरून बसा. दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी. आणि अंग गरम करणं अर्धं करा, ऊन ते काम करतंच.

थंडीत लवकर सुटणाऱ्याने उलट करावं. पंचवीस-तीस मिनिटं अंग गरम करावं आणि स्वेटर शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत अंगावर ठेवावा. गारठलेले पाय खडकाळ उतारावर मुरगळतात. गारठलेलं डोकंही पहिल्या कंट्रोलला हमखास चुकतं.

शेवटची तीन मिनिटं

इथे पद्धत जवळजवळ सगळीकडे सारखी आहे. तीन मिनिटं उरली की तुम्हाला पहिल्या चौकटीत घेतात. तिथे चिपमधल्या जुन्या नोंदी पुसून ती तपासायची. दोन मिनिटं उरली की पुढच्या चौकटीत कंट्रोलच्या वर्णनाचा कागद मिळतो. शेवटच्या मिनिटाला आपल्या गटाच्या नकाशाच्या पेटीपाशी उभं राहायचं. गटाचं नाव दोनदा वाचा. चुकीचा नकाशा उचलून सुटलेले लोक मी पाहिलेत, त्यातला एक मी आहे. लांब बीप वाजली की नकाशा उचलायचा, त्याआधी उलटायचा नाही.

बीप वाजल्यावर पळू नका. नकाशावरचा जांभळा त्रिकोण म्हणजे स्टार्ट, पण तो बऱ्याचदा सुटायच्या घड्याळापासून थोडा पुढे असतो. तिथपर्यंत फितीने वाट दाखवलेली असते आणि टोकाला पंच नसलेला झेंडा असतो. ते अंतर चालत किंवा हळू पळत जा, तेवढ्यात नकाशा उत्तरेला जुळवा, अंगठा त्रिकोणावर ठेवा आणि पहिल्या कंट्रोलची वाट ठरवा. वीस सेकंद गेले तर गेले. आधी सुटलेल्याची पाठ समोर दिसत असते म्हणून नवा माणूस दचकून पळत सुटतो आणि पहिल्याच टप्प्यावर चार मिनिटं घालवतो.

उशीर झाला तर? चूक तुमची असेल तर तुमचं घड्याळ यादीतल्या वेळेपासूनच चालू झालेलं असतं. स्टार्टच्या माणसाला सांगा, ते मधल्या मोकळ्या मिनिटाला सोडतात. चूक आयोजकांची असेल तर नवी वेळ मिळते. भांडण शर्यतीनंतर करा.

माणसं दिसतील तेव्हा

मागून तुमच्याच गटातल्या कुणी येऊन तुम्हाला गाठलं, तर तो तुमच्यापेक्षा किमान एका अंतराने पुढे आहे हे झालंच. आता त्याच्या पाठी चिकटायचा मोह होतो. नियमाने वैयक्तिक शर्यतीत प्रत्येकाने स्वतःची वाट स्वतः काढायची आहे, दुसऱ्याच्या मागे लागून फायदा घ्यायचा नाही. मोठ्या स्पर्धांत अशी आगगाडी तोडायला फुलपाखराच्या पंखांसारखे फेरे आखतात: मधल्या एकाच कंट्रोलपासून काहींना आधी डावा पंख मिळतो, काहींना उजवा. शिवाय नव्याने हा खेळ शिकणाऱ्याने पाठ धरली तर त्याला नकाशा वाचायला येतच नाही. आधीच्याला तुम्ही गाठलंत तर त्याच्याकडे बघून हसू नका आणि ढिलेही पडू नका. दोघं मिळून त्याच चुकीच्या ओघळीत उतरण्याचे प्रकार भरपूर होतात.

नऊ वाजून गेले की आपल्याकडे माळावर शेळ्या, गुरं आणि पोरं येतात. लवकर सुटलेल्याला ही गर्दी भेटत नाही, उशिरा सुटलात तर तुम्हाला भेटेल. पोरं उत्साहाने ओरडतात, "सर, निशाण तिकडं हाय!" हात दाखवून हसून पुढे जा. त्यांना विचारणं म्हणजे बाहेरची मदत घेणं, ते चालत नाही. आणि ती दाखवतात तो झेंडा तुमचाच असेल याची हमी नाही. कधीकधी झेंडाच गायब असतो, कुणाच्या तरी घरी रंगीत पिशवी म्हणून गेलेला. नकाशाप्रमाणे जागा नक्की तीच आहे असं वाटलं तर आसपास एक चक्कर मारा, पंचचं यंत्र किंवा खुंटी उरलीय का बघा, आणि नसेल तर पुढे जाऊन शेवटी आयोजकांना सांगा. तिथे बसून दहा मिनिटं शोक करू नका.

मार्चनंतर एकच विचार

ऊन. होळीनंतर आपल्याकडे साडेनऊनंतरची वेळ ही जवळजवळ शिक्षाच. शरीर रक्त कातडीकडे वळवतं, घामाने पाणी जातं, वेग उतरतो. पण वेगाच्या आधी डोकं उतरतं: नकाशाकडे बघून काहीच अर्थ लागत नाही अशी अर्धी मिनिटं येतात, आणि नवखा त्याच अर्ध्या मिनिटांत चुकीच्या टेकडीवर चढतो. अशी वेळ मिळाली तर पहिल्या टप्प्यापासून वेग थोडा कमी ठेवा, पाणी सोबत घ्या, सरळ चढापेक्षा वळशाची वाट निवडा. चक्कर, मळमळ किंवा घाम अचानक थांबल्यासारखं वाटलं तर शर्यत सोडा, सावली गाठा, मदत मागा. तेव्हा मदत मागणं नियमातच आहे.

वेळ निवडायची मुभा असेल तर

छोट्या सरावशर्यतींत अनेकदा 'सात ते नऊ, केव्हाही सुटा' असं असतं. पहिल्या दोन-तीन वेळा साधारण मध्यावर सुटा, साडेसात-पावणेआठला. दिसायला पुरेसं, थंडी बऱ्यापैकी गेलेली, गवत थोडं तुडवलेलं. मग मुद्दाम अगदी पहिले सुटून बघा. मोकळ्या माळावर, कुठलीही पाठ समोर नसताना एकट्याने पहिला कंट्रोल सापडतो तेव्हा जे वाटतं ते उशिरा सुटणाऱ्याला कळत नाही.

आणि मित्रांसोबत हा प्रयोग करा. तिघं जमा, संभाजीनगरच्या गोगाबाबा टेकडीवर नाहीतर तुमच्या लातूर-नांदेडच्या एखाद्या माळावर, जागेच्या मालकाची किंवा वनखात्याची परवानगी घेऊन. सहा-सात कंट्रोल ठरवा, अर्ध्या तासाच्या अंतराने सुटा, आणि पुढच्या रविवारी क्रम बदला. कंट्रोलही बदला, नाहीतर पाठ होतील. तीन रविवारांत प्रत्येक जण एकदा पहिला, एकदा मधला, एकदा शेवटचा. दर टप्प्याचा वेळ वहीत लिहा. आपण थंडीत बिघडतो की उन्हात, मोकळ्या गवतात की माणसांत, हे वहीच सांगेल. खऱ्या शर्यतीतले स्प्लिट, म्हणजे टप्प्याटप्प्याला लागलेला वेळ, हेही असेच वाचा: आधी तुमच्या मागच्या-पुढच्या चार जणांशी तुलना करा, कारण त्यांना तुमच्यासारखीच जमीन मिळाली, विजेत्याशी नंतर.

शेवटच्या फळीत सुटणाऱ्यांसाठी आणखी एक. कोर्स बंद व्हायची वेळ सगळ्यांना एकच असते. पहिल्याला तीन तास मिळतात तिथे तुम्हाला दीड मिळू शकतो, आणि त्यानंतर स्वयंसेवक झेंडे काढायला निघतात. ती वेळ मनगटावर पेनने लिहा. वेळ संपत आली, सगळे कंट्रोल झाले नाहीत, मधेच सोडावंसं वाटलं, काहीही असो, फिनिशवर जाऊन चिप दाखवायचीच. थेट गाडीत बसून घरी गेलात, तर तुम्ही घरी वरणभात जेवत असाल तेव्हा चार माणसं टॉर्च घेऊन त्या टेकडीवर तुमच्या नावाने हाका मारत फिरत असतील.